सीएमटी किंवा तसाच नसांचा आनुवंशिक आजार असेल तर डिसॅबिलिटीच्या अर्जासाठी मेडिकल पुरावा कसा उभा करायचा

जेनेटिक रिपोर्ट पॉझिटिव्ह, एनसीव्हीचा (नसांतून सिग्नल कसा जातो ते मोजणाऱ्या टेस्टचा) रिपोर्ट खराब, न्यूरोलॉजिस्टने निदान स्पष्ट लिहून दिलंय, आणि तरी अर्ज नामंजूर. सीएमटीवाल्यांच्या बाबतीत असं घडलं की घरातले म्हणतात अर्ज तपासणाऱ्यांना आजारच मान्य नाही. पण नकाराचं पत्र नीट वाचलं तर बऱ्याचदा दिसतं की आजार त्यांनी केव्हाच मान्य केलाय, पण त्या आजारामुळे तुम्हाला काय जमत नाही ते फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. सगळी फाइल ही एकच फट बुजवण्यासाठी बनवायची असते, त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

सीएमटी म्हणजे शार्को-मारी-टूथ, पॅरिसचे शार्को आणि मारी आणि इंग्लंडमधले टूथ यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला आजार. साधारण २५०० माणसांत एकाला असतो असं धरतात, म्हणजे फार दुर्मिळही नाही, पण तपासणाऱ्या बोर्डावरच्या डॉक्टरने प्रत्यक्षात किती पेशंट पाहिलेत हा प्रश्नच असतो. त्याला सगळं माहीत असेल असं धरून चालू नका.

पहिलं काम: तुमच्याकडे नक्की काय मोजतात ते शोधा

रिपोर्ट गोळा करायच्या आधी हे करा, कारण प्रत्येक देशात, कधीकधी एकाच देशातल्या दोन योजनांत मोजमाप वेगळं असतं. ढोबळमानाने तीन प्रकार. एक टक्केवारीचा, जसं भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बरेचसे लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मिळतात आणि मेडिकल बोर्ड स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल वगैरे बघून टक्के काढतं. दुसरा कामाचा, म्हणजे तुम्ही नोकरी करू शकता की नाही. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीच्या यादीत ११.१४ या नंबरखाली पेरिफेरल न्यूरोपॅथी (हातापायांच्या नसांचा आजार) आहे आणि तिथे दोन हातपायांच्या हालचालींवर परिणाम होऊन बसलेलं असताना उठणं, उभं राहताना-चालताना तोल सांभाळणं किंवा हातांनी कामं करणं अत्यंत अवघड झालंय का हे बघतात, शिवाय हे किमान १२ महिने टिकणारं हवं. (त्यात न बसणाऱ्यांसाठीही वाट आहे, तिथे उरलेल्या क्षमतेवर कुठलं काम जमेल ते बघतात.) तिसरा रोजच्या कामांचा, जसं इंग्लंड-वेल्समधला पीआयपी (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट), तिथे एखादी गोष्ट सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का असं विचारतात.

तुमचा प्रकार कुठला ते कळलं की त्या योजनेचे निकष एका कागदावर तुमच्या शब्दांत लिहून काढा. हा कागद पुढे प्रत्येक डॉक्टरकडे न्यायचाय. टक्केवारीच्या योजनेत "ऑफिसात आठ तास बसवत नाही" या वाक्याला फार वजन नाही, तिथे घोट्याची ताकद किती हा आकडा लागतो, आणि कामाच्या योजनेत नेमकं उलट.

निदानाचे कागद: लागतात, पण एवढ्यावर भागत नाही

जेनेटिक टेस्ट झाली असेल तर पूर्ण रिपोर्ट लावा, फक्त शेवटची ओळ नको. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार सीएमटी १ए, त्यात १७ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या पीएमपी२२ जीनची एक जादा प्रत असते. त्याच जीनची एक प्रत गायब असेल तर एचएनपीपी नावाचा वेगळा आजार होतो, त्याबद्दल खाली सांगते. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घाबरू नका, सीएमटीला कारणीभूत असे शंभराहून जास्त जीन माहीत असूनही, विशेषतः अ‍ॅक्सॉनल (नसेचा आतला तंतू झिजणाऱ्या) प्रकारात, बऱ्याच जणांचा जीन सापडतच नाही. पण मग डॉक्टरांकडून एक वाक्य लिहून घ्या की "जनुकीय कारण सापडलं नसलं तरी तपासणी, एनसीव्ही आणि कौटुंबिक इतिहास यावरून आनुवंशिक न्यूरोपॅथीचं निदान पक्कं आहे". हे वाक्य नसलं की समोरचा माणूस निगेटिव्ह रिपोर्ट बघून निदानावरच शंका घेतो. रिपोर्टमध्ये "महत्त्व अनिश्चित असलेला बदल" असं काही लिहून आलं असेल तर त्याचा अर्थही डॉक्टरांनाच लिहायला लावा, स्वतः लावत बसू नका.

आईवडील-भावंडांचे रिपोर्ट जोडायचे असतील तर आधी त्यांची परवानगी घ्या, त्यांची खाजगी माहिती आहे ती. आणि त्याचा उपयोग फक्त निदान पक्कं करण्यापुरता. एकाच घरात तोच जीन असूनही एक भाऊ ट्रेकिंग करतो आणि दुसऱ्याला पायऱ्या चढवत नाहीत असं होतं, त्यामुळे "वडील व्हीलचेअरवर होते" हा तुमच्या अपंगत्वाचा पुरावा होत नाही. उलट चालता-फिरता भाऊ असेल तर त्यावरून कोणी प्रश्न विचारू शकतं, म्हणून हा फरक डॉक्टरांच्या पत्रात एका ओळीत आलेला बरा.

एनसीव्ही-ईएमजी: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

जरा निवांत वाचा हा भाग.

एनसीव्हीमध्ये दोन गोष्टी मोजतात, सिग्नल किती वेगाने जातो आणि स्नायूतून येणारा प्रतिसाद किती मोठा आहे. हाताच्या मोटर (स्नायू हलवणाऱ्या) नसेत वेग सेकंदाला ३८ मीटरच्या खाली असेल तर सहसा डिमायलिनेटिंग (नसेवरचं आवरण खराब होणारा प्रकार) म्हणजे सीएमटी १ धरतात, वर असेल तर अ‍ॅक्सॉनल म्हणजे सीएमटी २, दोन्हींच्या मधले पण काही प्रकार आहेत. आता लोकांना वाटतं वेग जितका कमी तितका आजार जास्त. तसं नाहीये! सीएमटी १ए मध्ये वेग लहानपणीच कमी होतो आणि नंतर आयुष्यभर जवळपास तेवढाच राहतो, माणूस विशीत पळत असला तरी आणि पन्नाशीत काठी घेऊन चालत असला तरी. अशक्तपणा वाढतो तो नसेचा आतला तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, झिजल्यामुळे आणि ते दिसतं प्रतिसादाच्या उंचीत, ज्याला रिपोर्टमध्ये अ‍ॅम्प्लिट्यूड किंवा सीएमएपी म्हणतात.

याचा व्यवहारात अर्थ काय, तर दहा वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा एनसीव्ही शेजारी ठेवला आणि वेग सारखाच दिसला तर नवखा तपासणारा "आजार स्थिर आहे" असं लिहून मोकळा होईल. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडून हे लिहून घ्याच की या प्रकारात वेग बदलत नाही, अशक्तपणा अ‍ॅम्प्लिट्यूडशी जोडलेला असतो, आणि तुमची हातातली अ‍ॅम्प्लिट्यूड अमुक वर्षी एवढी होती आता एवढी आहे. पायात प्रतिसाद मिळतच नसेल तर तिथे पुढची घट मोजायला काही उरलेलंच नसतं, ते पण लिहायला हवं. आणि नुसतं "प्रगती दाखवायला" म्हणून परत एनसीव्ही-ईएमजी (ईएमजी म्हणजे स्नायूत सुई घालून करतात ती टेस्ट) करायला धावू नका, सुया आणि करंट खाऊन हातात वेगाचा तोच आकडा येणार. परत करण्यासारखी वेळ म्हणजे अचानक बिघाड झाला तर. सीएमटी हळूहळू वाढतो, काही आठवड्यांत झपाट्याने ताकद गेली तर डायबेटिस, नसांची सूज असं दुसरं काही वर चढलंय का हे बघावंच लागतं, अर्जासाठी नाही, तुमच्यासाठी.

खरा पुरावा: काय जमतं आणि काय नाही याची मोजमापं

यासाठी फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (हाताची आणि रोजची कामं कशी जमतात ते बघणारे) यांच्याकडे वेगळी अपॉइंटमेंट घ्या, न्यूरोलॉजिस्टच्या दहा मिनिटांत हे होत नाही.

स्नायूंची ताकद ० ते ५ अशी देतात. यातला ४ हा आकडा फसवा, थोडासा कमी जोर असला तरी ४ आणि बराच कमी असला तरी ४. म्हणून कुठला स्नायू ते नाव घालून लिहायला सांगा, पाऊल वर उचलणं, पाऊल बाहेर वळवणं, अंगठा तळहातापासून दूर नेणं. "पायांची ताकद ४/५" एवढंच लिहिलं तर मांडी आणि घोटा एकाच मापात जातात, आणि सीएमटीत मांडी धडधाकट असून घोटा गेलेला असणं हीच तर नेहमीची गोष्ट आहे. टाचांवर चालता येतं का, चवड्यांवर उभं राहता येतं का, हे दोन साधे मुद्दे पण नोंदवून घ्या.

हातांचं तर अजूनच. नुसती मूठ दाबायच्या मशीनवर माप घेतलं तर बरं दिसू शकतं कारण मूठ वळायला कोपरापुढचे मोठे स्नायू मदत करतात, आणि सीएमटीत आधी जातात ते तळहातातले बारीक स्नायू. म्हणून चिमटीची ताकद मोजायला सांगा, बोटांच्या टोकांची आणि किल्ली धरतो तशी, दोन्ही. शिवाय नऊ खुंट्यांची टेस्ट असते, नऊ खुंट्या भोकांत घालायच्या आणि परत काढायच्या, निरोगी माणसाला साधारण वीसेक सेकंद लागतात, तुम्हाला पन्नास लागले तर शर्टाची बटणं, नाणी, टायपिंग याबद्दल वेगळं काही सिद्ध करायची फार गरज उरत नाही.

चालण्यासाठी १० मीटर आणि सहा मिनिटांची टेस्ट. एएफओ (घोट्याचा ब्रेस) किंवा स्प्लिंट वापरत असाल तर शक्य असेल तिथे दोन्ही प्रकारे, घालून आणि न घालता, आणि रिपोर्टमध्ये कुठली कशी केली ते लिहिलेलं हवं. मी तर म्हणेन सहा मिनिटं चालल्यावर पुढच्या दिवशी काय झालं तेही थेरपिस्टला फोन करून कळवा आणि नोंद करायला सांगा. कामाची क्षमता मोजणारी मोठी टेस्ट करत असाल तर दोन दिवसांची मिळते का विचारा. एका दिवसात जोर लावून कोणीही काहीतरी करून दाखवतं, दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही हे त्यात कुठे येतं?

संवेदना पण विसरू नका. डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो का, घोट्याला ट्युनिंग फोर्कची कंपनं कळतात का. अंधारात पडणं, आंघोळ करताना डोळ्यांवर साबण आला की भिंत धरावी लागणं, तळपायाला जखम होऊन दोन दिवस पत्ता नसणं, हे सगळं इथून येतं.

सीएमटीचा स्वतःचा एक स्कोअर आहे, सीएमटी न्यूरोपॅथी स्कोअर, ९ मुद्दे आणि एकूण ० ते ३६. दहापर्यंत सौम्य, ११ ते २० मध्यम, २० च्या वर तीव्र असं साधारण धरतात. तुमच्या न्यूरोलॉजिस्टला येत असेल तर काढून घ्या, पण एक धोका आहे. "मध्यम" हा शब्द वाचून समोरच्याला वाटतं म्हणजे बरंच चाललंय, तर मध्यममध्येही ब्रेसशिवाय चालता न येणारी माणसं असतात हे सोबत लिहिलेलं पाहिजे.

डॉक्टरांच्या जुन्या नोंदी आधी स्वतः वाचा

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण टाळतात. गेल्या दोन-तीन वर्षांचे ओपीडी पेपर काढा आणि "स्टेबल", "नॉर्मल गेट", "स्वतःची कामं स्वतः करतो", "कसलीही तक्रार नाही" असले शब्द शोधा. कॉम्प्युटरवर नोंद करणारे बरेच डॉक्टर जुना मजकूर तसाच पुढे ढकलतात, त्यामुळे पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या कागदावर चाल नॉर्मल असं निघतं. अर्ज तपासणारा नेमकं तेच वाक्य उचलणार. चूक असेल तर पुढच्या भेटीत शांतपणे दाखवा आणि दुरुस्तीची नोंद करायला सांगा, जुना कागद मात्र गाळू नका किंवा स्वतः खाडाखोड करू नका, सगळी केस तिथेच संपेल.

आणि आपली सवय पण बघा ना. डॉक्टर विचारतात कसं चाललंय, आपण म्हणतो ठीक आहे, ते लिहितात ठीक आहे. लहानपणापासून आजार असलेल्या माणसाने इतक्या युक्त्या शोधलेल्या असतात, बटणांऐवजी टीशर्ट, जिना टाळणं, बाटली दाताने उघडणं, की त्याला खरंच वाटतं आपल्याला फारसा त्रास नाही. म्हणून अर्जाच्या बरेच महिने आधीपासून प्रत्येक भेटीला तीनच ठोस गोष्टी लिहून न्या आणि वाचून दाखवा. किती वेळा पडलात, कुठलं काम बंद केलंत, कशाला दुसऱ्याची मदत लागली.

डायरी

रोज पानभर लिहू नका, कोणी वाचत नाही आणि सगळं सारख्याच सुरात असलं की खोटंही वाटतं. आठवड्यातून चार-पाच ओळी, चांगले दिवस पण त्यात आले पाहिजेत. उदाहरणार्थ:

"मंगळवार. जिना उतरताना डावं पाऊल अडकलं, पडलो, मनगट सुजलं. बुधवारी काहीच केलं नाही. गुरुवारी बरं होतं, पंधरा मिनिटं चाललो, संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे. शनिवारी सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही."

यात तक्रार अशी कुठे नाहीच पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. पडल्यावर दवाखान्यात गेला असाल तर तो कागद त्या तारखेसोबत ठेवा. घरातल्या किंवा ऑफिसमधल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं अर्धं पान लिहून दिलं तर तेही चालतं, फक्त त्यांनी निदान-बिदान लिहू नये, पाहिलं तेवढंच लिहावं.

ज्यांना एचएनपीपी आहे त्यांच्यासाठी डायरी जास्तच महत्त्वाची. त्यात नस दाबली गेली की हात किंवा पाय लुळा पडतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुष्कळदा परत येतो, त्यामुळे बोर्डासमोर जायच्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो. अ‍ॅटॅक चालू असतानाच डॉक्टरला दाखवा, तेव्हाचीच तपासणी कागदावर यायला पाहिजे. वर्षात किती अ‍ॅटॅक, प्रत्येक किती दिवस टिकला, त्या काळात काय बंद होतं, एवढं सांगता आलं पाहिजे.

न्यूरोलॉजिस्टचं पत्र

सगळ्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद हाच, आणि बहुतेक वेळा तो दोन ओळींचा असतो. "सदर पेशंटला सीएमटी असून ते काम करू शकत नाहीत." याला किंमत नाही. काम करू शकता की नाही हे तसंही अर्ज तपासणारे स्वतःच ठरवणार. डॉक्टरने सांगायचंय ते तपासणीत काय दिसलं आणि त्यामुळे काय होतं, दोन्ही एका वाक्यात. असं काहीतरी:

"घोटा वर उचलण्याची ताकद दोन्ही बाजूंना २/५, त्यामुळे पाऊल लोंबतं आणि ब्रेसशिवाय सपाट जमिनीवरही अडखळण्याचा धोका आहे. ब्रेस घालून साधारण १०० मीटरनंतर थांबावं लागतं. अंगठ्याच्या स्नायूंची झीज झाल्याने पेन धरणं, टायपिंग, बटणं ही कामं पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग करता येत नाहीत. आजार आनुवंशिक आणि हळूहळू वाढणारा आहे, सुधारणा अपेक्षित नाही."

आकडे अर्थातच तुमचे स्वतःचे. शेवटी उपचारांबद्दल एक ओळ हवीच, कारण उपचाराने बरं होईल का हा प्रश्न विचारला जातोच. सीएमटीचं मूळ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आजमितीला नाही, फिजिओ, ब्रेस, पायाची ऑपरेशनं, दुखण्याच्या गोळ्या एवढंच, आणि यातलं काय काय करून झालं ते लिहावं. पण सगळ्या आनुवंशिक न्यूरोपॅथींना हे लागू नाही. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसवाल्या (नसांत एक प्रथिन साचत जाणाऱ्या) न्यूरोपॅथीला आजार आटोक्यात ठेवणारी औषधं आली आहेत, तुमचा तो प्रकार असेल तर औषध चालू आहे का, नसेल तर का नाही, हे न लिहिलेलं पत्र अपुरं पडेल. दुखण्याच्या गोळ्यांनी, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन वगैरे, गुंगी येत असेल तर ते पण पत्रात यावं. झोप, श्वास, ऐकू येणं, पाठीचा बाक, मनावरचा ताण असं काही असेल तर त्या त्या डॉक्टरचा वेगळा कागद, न्यूरोलॉजिस्टच्या पत्रात सगळं कोंबू नका.

डॉक्टरला वेळ नसतो हे मान्यच. म्हणून निकषांचा तो कागद, थेरपिस्टची मोजमापं आणि तुमच्या अडचणींचं एक पान घेऊन जा आणि विचारा की यातलं तुम्हाला पटतं तेवढं पत्रात घालाल का. शब्द त्यांचेच राहू द्या, तुम्ही टाइप करून सही मागितलेली पत्रं लगेच ओळखू येतात.

तपासणीच्या दिवशी

रोज वापरता तेच बूट, तोच ब्रेस, तीच काठी. त्या दिवशी नवी काठी आणू नका आणि लाज वाटते म्हणून रोजची घरी पण ठेवू नका. जोर लावायला सांगतील तेव्हा पूर्ण लावा, मुद्दाम सोडून दिलेला जोर अनुभवी डॉक्टरच्या हाताला लगेच कळतो आणि मग खरं असलेलं सगळंच संशयात जातं. "हे करता का" असं विचारलं तर हो किंवा नाही यावर थांबू नका. करतो, पण दुप्पट वेळ लागतो, नंतर तासभर पडून राहावं लागतं, आठवड्यातून दोनदाच जमतं, असं पूर्ण उत्तर द्या. लग्नात नाचतानाचा फोटो ऑनलाइन असेल तर असू दे, त्याच्या नंतरचे दोन दिवस डायरीत असले म्हणजे झालं.

फाइल लावताना तीनशे पानांचा गठ्ठा देऊ नका. वर एक पान, त्यात निकष आणि प्रत्येकासमोर कुठल्या पानावर पुरावा आहे तो नंबर. मग पत्र, मग थेरपिस्टची मोजमापं, मग एनसीव्ही आणि जेनेटिक, शेवटी डायरी. सगळ्याची एक कॉपी स्वतःकडे, आणि दिल्याची पोच तारखेसकट.

नकार आलाच तर आधी अपीलची मुदत बघा, ती गेली तर बऱ्याच ठिकाणी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मग नेमकं कारण शोधा. "आजार स्थिर आहे" म्हटलं असेल तर अ‍ॅम्प्लिट्यूड आणि चालण्याची जुनी-नवी मोजमापं, "हात चालतात" म्हटलं असेल तर चिमटी आणि खुंट्यांची टेस्ट, "बसून करायचं काम जमेल" म्हटलं असेल तर बसूनही हात किती वेळ चालतात आणि गोळ्यांनी लक्ष किती लागतं ते. तीच जुनी फाइल परत पाठवू नका, ज्या मुद्द्यावर नाकारलं त्या मुद्द्याचा एक नवा कागद तरी त्यात असलाच पाहिजे.